तिठा

मोजपट्टीचं एक टोक स्ताथिस धरतो, दुसरं मी.
चार मीटर दहा.
खाली घळीतली जुनी वाट तर अडीचही भरत नाही.
एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला ओढा,
ओढ्यात कुणीतरी ढकललेला फ्रिज, दार उघडं.

एक वाट डेल्फीहून उतरते,
एक दाव्लियाकडे वळते,
तिसरी पूर्वेला थीब्जच्या सपाटीवर
कापसाच्या शेतांत जाऊन मोकळी होते.
उन्हाळ्यात बसमधून माणसं उतरतात, विचारतात,
राजाला मारलं ते इथेच का?
मधवाला अर्गिरिस बरणी पुसत म्हणतो, इथेच.
गेल्या वर्षी त्याचं टेबल दोनशे पावलं वर होतं.
तेव्हाही इथेच होतं.

शाळेत बाईंनी फळ्यावर कारणं लिहिली होती:
भाकीत, रक्त, त्या तरुणाचा राग.
रस्त्याच्या रुंदीचा विषय कुणी काढला नाही.
खात्यात एकवीस वर्षं काढली मी,
मला दुसरं काही सुचतच नाही.
दोन हात जास्त असते
तर म्हाताऱ्याचा रथ कडेनं निघाला असता,
धुळीला शिव्या घालत दोघांनी तोंडं पुसली असती,
आणि तो पोरगा दिवेलागणीला
कुठल्याशा गावात पाणी मागत पोचला असता,
कुणाचाच कुणी न लागता.

पण हा डोंगर असा उतरलाय
की वाट द्यायची तर मागे जावं लागतं.
एकाच्या मागे राज्य उभं होतं,
दुसऱ्याच्या मागे तेच, ज्याच्यापासून तो पळत होता.
वाट कुणी दिली नाही.
मग दोघांचीही लागली.

सपाटीवर माणूस लांबून दिसतो,
आधी ठिपका, मग टोपी, मग चाल.
चाल ओळखीची वाटायला वेळ मिळतो.
इथे वळणाआडून एकदम तोंडच येतं.

बाबा बॉक्साइटचा ट्रक चालवायचे.
मी नऊ वर्षांची, केबिनमध्ये, मांडीवर संत्र्यांची पिशवी.
याच वळणावर समोर दुसरा ट्रक.
हॉर्न. मग आणखी हॉर्न.
तो उतरला, हातात जॅकचा दांडा,
बाबांपेक्षा बराच तरुण,
आणि माझ्या आजीबद्दल काहीतरी बोलला.
बाबांनी काच वर केली.
भरलेला ट्रक तीनशे मीटर मागे घेतला,
बर्फात, कातळाला घासत.
डावा आरसा तुटून लोंबला.
घर येईस्तोवर मी त्यांच्याशी बोलले नाही.
त्यांनी सोलून दिलेलं संत्रं
हातातच धरून ठेवलं, गरम होईपर्यंत.

त्या दिवशी इथे काहीच घडलं नाही.
आरशाचे पैसे पगारातून कापले.

आता फॉर्मवर रकाना: रुंदीकरणाचं कारण.
स्ताथिस म्हणतो, लिहा ना, वाहतूक.
कसली वाहतूक? सकाळपासून दोन पिकअप
आणि कुणाच्यातरी शेळ्या, त्याही रस्ता सोडून.
बोटं गारठलीत. पेन झटकत मी लिहिते,
वळणापलीकडचं दिसत नाही.
समोरून येणारा कोण,
हे कळेपर्यंत उशीर होतो.

साहेब दुसरी ओळ खोडतील, ठाऊक आहे.

खालून गाडी येतेय, अजून नुसता आवाज.
स्ताथिस पट्टी गुंडाळतो,
आम्ही दोघं कातळाला पाठ लावून उभे राहतो, पोट आत घेऊन.
गाडी जाते.
चालवणारा आमच्याकडे न बघताच
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो.